ईलाय मॅनिंग : ११७-११७, दोन सुपर बोल, आणि कँटनचं दार

पॉकेटमार (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे कँटनमधल्या मानाच्या दालनासाठी, २०२५ हे न्यू यॉर्क जायंट्सचा निवृत्त क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ईलाय मॅनिंगच्या पात्रतेचं पहिलं वर्ष. शेवटच्या १५ जणांत तो आला, शेवटच्या ७ जणांत नाही. हॉल ऑफ फेममध्ये गेले ते एरिक ॲलन, जॅरेड ॲलन, अँटोनिओ गेट्स आणि ज्येष्ठांच्या यादीतून स्टर्लिंग शार्प. चौघंच. तेव्हापासून दुसऱ्यांच्या धाग्यांवर जाऊन आपण सगळे हाच वाद घालतोय, म्हणून हा वेगळा धागा.

नियमित हंगामाचे आकडे आधीच टाकतो, म्हणजे थोरला भाऊ पेटनचे आकडे धाकट्याच्या नावावर खपवले जाणार नाहीत. १६ हंगाम, सगळे जायंट्सकडून. २३४ सामन्यांत सुरुवात. ११७ जिंकले, ११७ हरले. ८,११९ पास फेकले, ४,८९५ पोचले, ५७,०२३ यार्ड, ३६६ टचडाऊन (गोलरेषेपार पोचलेले), २४४ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पळवलेले). पासर रेटिंग (पास फेकण्याचा गुणांक) ८४.१. चार प्रो बोल (तारांकित सामना), ऑल-प्रो (वर्षातला सर्वोत्तम संघ) एकदाही नाही. प्लेऑफ (बाद फेरी) ८-४, दोन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), दोन्हींत सामनावीर.

माझं मत: तो आत जायला हवा, पण लोक ज्या कारणासाठी त्याला आत ढकलतात ते कारण लंगडं आहे. २००७ च्या हंगामाच्या सुपर बोलमधला डेव्हिड टायरीचा हेल्मेटवरचा झेल हा पुरावा नव्हे, ते पोस्टर आहे. खरी केस २०११ च्या हंगामात आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.


उलटतपासणी

दोन सुपर बोल सामनावीर म्हणून थेट प्रवेश, हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा.

एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. ईलाय सहा वर्षं प्लेऑफ खेळला. २००७ आणि २०११ मध्ये ८-०. उरलेल्या चार वर्षांत, २००५, २००६, २००८ आणि २०१६ मध्ये, ०-४. या दोन वर्षांबाहेर त्याने प्लेऑफचा एकही सामना जिंकलेला नाही. २००५ ला कॅरोलायनाविरुद्ध घरच्या मैदानावर ०-२३, त्यात तीन इंटरसेप्शन. २००८ ला संघ १२-४ होता, तरी ईगल्सविरुद्ध एक टचडाऊन पास नाही. ‘मोठ्या सामन्याचा खेळाडू’ म्हणताना हे चार सामने लहान होते का?


आकडेमोड

८४.१ हा आकडा सगळे फेकतात, उकलत कुणी नाही. पासर रेटिंगचे चार भाग असतात, प्रत्येक भाग ० ते २.३७५ च्या मध्ये अडवलेला. ईलायच्या पूर्ण कारकिर्दीवर लावू:

पोचलेले पास ६०.३ टक्के. त्यातून ३० वजा, गुणिले ०.०५ = १.५१.
प्रति पास ७.०२ यार्ड. त्यातून ३ वजा, गुणिले ०.२५ = १.०१.
टचडाऊन ४.५१ टक्के, गुणिले ०.२ = ०.९०.
इंटरसेप्शन ३.०१ टक्के, गुणिले ०.२५, आणि ते २.३७५ मधून वजा = १.६२.

बेरीज ५.०४ च्या थोडी वर, भागिले ६, गुणिले १०० = ८४.१.

आता गोम. हे सूत्र १९७३ पासूनचं आहे, आणि त्या काळच्या सरासरी क्वार्टरबॅकला प्रत्येक भागात १ मिळावा असं बेतलेलं, म्हणजे सरासरी ६६.७. जुन्या काळचा क्वार्टरबॅक जो नेमथचं कारकिर्दीचं रेटिंग ६५.५ आहे, १७३ टचडाऊन आणि २२० इंटरसेप्शन, तरी तो १९८५ पासून कँटनमध्ये आहे. म्हणून ‘नेमथ चालतो तर ईलाय का नाही’ हा युक्तिवाद आकड्यांवर टिकत नाही. नेमथ त्याच्या काळाच्या सरासरीजवळ होता आणि १४ सामन्यांच्या हंगामात ४,००० यार्ड ओलांडणारा पहिला माणूस होता. ईलाय ज्या वर्षी लीगमध्ये आला त्याच २००४ साली पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) हात न लावण्याचा नियम कडक राबवायला सुरुवात झाली. पासिंगचे आकडे तिथून फुगत गेले. त्याच्या कारकिर्दीत लीगची सरासरी ऐंशीच्या थोडी वरून नव्वदच्या आसपास गेली. त्याचा स्वतःचा सर्वोत्तम हंगाम ९३.६, तोही २०१५ मध्ये.

निवृत्त झाला तेव्हा यार्ड आणि टचडाऊन दोन्हींत तो सर्वकालीन सातवा होता. हेही खरं. पण फुगलेल्या काळात १६ वर्षं उभं राहिलं की ढीग होतोच.


मेडोलँड्स

उभं राहणं एवढं स्वस्त असतं तर सगळेच राहिले असते. सलग २१० सामन्यांत सुरुवात, तेव्हा क्वार्टरबॅकमध्ये फक्त ब्रेट फार्व्ह पुढे. आणि ती मालिका दुखापतीने तुटली नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रशिक्षक बेन मॅकॅडूने त्याला बसवून जीनो स्मिथला खेळवलं. सुरुवात तू कर, मालिका टिकव, मग आम्ही बदलतो, असा प्रस्ताव होता, ईलायने नाकारला. दुसऱ्याच दिवशी मॅकॅडूची नोकरी गेली.

११७-११७ चं पण विच्छेदन करा की. २००४ ते २०१२ : ७८-५७. २०१३ ते २०१९ : ३९-६०. हे दोन वेगळे संघ आहेत. दुसऱ्या काळात समोरची भिंतच (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) गेली होती.


उलटतपासणी

भिंत गेली की भल्याभल्यांचा खेळ घसरतो, मान्य. पण २०१३ मध्ये पहिल्या सहा सामन्यांत १५ इंटरसेप्शन आणि संघ ०-६, हंगामाअखेर २७. लीगमध्ये सर्वाधिक इंटरसेप्शनचा मान त्याने तीनदा घेतला: २००७, २०१० आणि २०१३. यातल्या पहिल्या वर्षी तो सुपर बोल जिंकला हे मला आजही पचत नाही. त्याच २००७ मध्ये नोव्हेंबरात मिनेसोटाने त्याचे चार पास पळवले, त्यातल्या तिनांवर थेट टचडाऊन केले. ४१-१७.


ऑप्शनरूट

इंटरसेप्शनचं गणित समजून घ्यायचं तर केविन गिल्ब्राइडची यंत्रणा समजून घ्यायला हवी. २०१३ पर्यंत आक्रमणाची सूत्रं त्याच्याकडे होती.

या यंत्रणेत बऱ्याच पासांवर रिसीव्हरचा मार्ग आधी ठरलेला नसतो. खेळ सुरू होऊन चेंडू क्वार्टरबॅककडे आला की तो बचाव वाचतो. दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल उभे असले तर मधल्या मोकळ्या जागेत घुसायचं, एकच सेफ्टी असला तर कडेने सरळ पळायचं, कॉर्नर (कडेचा बचावपटू, कॉर्नरबॅक) फार मागे सरकला तर थांबून वळायचं. क्वार्टरबॅकने तेच वाचन त्याच क्षणी करायचं आणि रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सोडायचा. दोघांचं वाचन जुळलं तर १८-२० यार्ड फुकट. नाही जुळलं तर चेंडू अशा जागी पडतो जिथे आपला माणूसच नाही, कॉर्नरबॅक मात्र आहे. टीव्हीवर आपण म्हणतो, ‘हा कुणाला फेकला?’

म्हणून नवखा रिसीव्हर आला, कुणी जायबंदी झाला की ईलायचे इंटरसेप्शन उसळायचे. २०१० च्या २५ मधले बरेच तर रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेले होते. २०१४ मध्ये मॅकॅडूने ग्रीन बेची आखूड, मोजून टाकलेल्या पावलांची पद्धत आणली. तोच क्वार्टरबॅक, भिंत फारशी सुधारलेली नाही, तरी इंटरसेप्शन २७ वरून १४ वर आले. पोचलेले पास ५७.५ वरून ६३.१ टक्क्यांवर. २०१५ मध्ये ३५ टचडाऊन, १४ इंटरसेप्शन.

पण एक आहे. आखूड पद्धतीत प्रति पास ७.३ यार्ड मिळाले. २०११ मध्ये गिल्ब्राइडकडे ८.४ होते. धोका कमी केला की नफाही कमी.


कँटनकर

मतदानाची पद्धत बदलली ती अनेकांना ठाऊक दिसत नाही. खेळ सोडून पाच हंगाम झाले की पात्रता. समिती साधारण ५० जणांची. २०२५ पासून १५ जणांचे १०, दहाचे ७, आणि मग प्रत्येकाने त्या ७ मधले ५ निवडायचे. आत जायला ८० टक्के, म्हणजे ४० मतं.

आता वही काढा. ५० जण गुणिले ५ म्हणजे २५० मतं, सात उमेदवारांत वाटायची. समसमान वाटली तर प्रत्येकाला ३५.७. म्हणजे सातही जण तुल्यबळ असले तर एकही आत जात नाही! आत जायचं तर कुणाची तरी मतं खावी लागतात. म्हणूनच नियमात तळ ठेवलाय की कमीत कमी तीन तरी घ्यायचेच. पूर्वी शेवटच्या पाचांवर फक्त होकार-नकार असे आणि पाचही जण बहुधा आत जात. ईलायचं नशीब असं की त्याची पात्रता नेमकी या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी आली.

ज्या उमेदवाराबद्दल समिती दुभंगलेली आहे त्याला ही पद्धत मारक. ‘सगळ्यांचा तिसरा-चौथा’ निघून जातो. ‘निम्म्यांचा पहिला, उरलेल्यांचा शेवटचा’ अडकतो. ईलाय कोणत्या गटात ते सांगायला नको.

आणखी एक. मैदानाबाहेरचं काही विचारात घ्यायचं नाही अशी समितीला सूचना असते. तेव्हा समाजकार्यासाठीचा २०१६ चा वॉल्टर पेटन पुरस्कार (लॅरी फिट्झजेराल्डबरोबर विभागून), आडनाव, सभ्यपणा, सगळं इथे शून्य.


दहावीघमंडी

क्वार्टरबॅक जिम प्लंकेटचं नाव अजून कसं नाही आलं? १५ व्या आणि १८ व्या सुपर बोलचा विजेता, १५ व्यात सामनावीर. कारकिर्दीत ७२-७२. हुबेहूब बरोबरी! आणि तो आजवर बाहेर आहे. प्लंकेट बाहेर तर ईलाय बाहेर. विषय संपला.


पॉकेटमार (धागाकर्ता)

प्लंकेटचं उदाहरण दरवेळी येतं आणि दरवेळी अर्धंच येतं. १६४ टचडाऊन, १९८ इंटरसेप्शन, रेटिंग ६७.५. ईलायचे टचडाऊन त्याच्या दुपटीहून जास्त. ७२-७२ आणि ११७-११७ दिसायला जुळे, पण ९० सामन्यांचा फरक आहे.

सुपर बोल सामनावीराचा मान एकाहून अधिक वेळा मिळवणारे सगळे क्वार्टरबॅकच आहेत: बार्ट स्टार, टेरी ब्रॅडशॉ, जो मोंटाना, टॉम ब्रेडी, पॅट्रिक माहोम्स आणि ईलाय. स्टार, ब्रॅडशॉ, मोंटाना केव्हाच आत आहेत, ब्रेडी-माहोम्सबद्दल वादच नाही. म्हणजे सहांतला प्रश्नचिन्ह असलेला एकच.

पण मी म्हटलं तसं, या यादीवर केस उभी करू नका. २००७ च्या प्लेऑफमध्ये त्याने चार सामन्यांत ८५४ यार्ड, ६ टचडाऊन, १ इंटरसेप्शन केलं. चांगलं, पण सांभाळून खेळलेलं. डॅलसला १६३ यार्डांत हरवलं. ग्रीन बेला उणे १८ अंशांत एकही टचडाऊन पास नव्हता. रिसीव्हर बरेस ११ झेल घेत राहिला, किकर टाइन्सने आधी दोन किक चुकवून शेवटी ओव्हरटाइममध्ये ४७ यार्डांवरून मारली. आणि अंतिम सामन्यात हंगामात ५८९ गुण करणाऱ्या पेट्रियट्सना १४ वर रोखलं ते स्ट्रेहान, टक आणि उमेनियोरा यांनी. ब्रेडीला पाच वेळा पाडलं. तो चषक बचावफळीचा जास्त आहे.

२०११ बघा. धावण्यात जायंट्स लीगमध्ये शेवटचे, ३२ पैकी ३२ वे. बचाव यार्डांच्या हिशेबात २७ वा. हंगामात ३९४ गुण केले आणि ४०० खाल्ले. केलेल्यापेक्षा जास्त गुण खाऊन सुपर बोल जिंकणारा त्याआधी एकही संघ नव्हता. मग ९-७ झालं कसं? ४,९३३ यार्ड, २९ टचडाऊन, त्यातले १५ चौथ्या क्वार्टरमध्ये. एका हंगामात चौथ्या क्वार्टरमधले १५, हा विक्रम. पेट्रियट्सच्या घरी, न्यू इंग्लंडला जाऊन १५ सेकंद उरले असताना जेक बॅलर्डला टचडाऊन, २४-२०. शेवटचे दोन सामने जेट्स आणि काउबॉइजविरुद्ध जिंकायलाच हवे होते, जिंकले. प्लेऑफच्या चार सामन्यांत १,२१९ यार्ड, ९ टचडाऊन, १ इंटरसेप्शन. वाटेत १५-१ च्या ग्रीन बे पॅकर्सना त्यांच्याच मैदानावर ३७-२०.

हा हंगाम काढला तर मीही ‘नाही’ म्हणेन.


उलटतपासणी

२०११ ची केस २००७ पेक्षा बळकट आहे, हे मान्य करतो. पण मग त्या प्लेऑफमधला सॅन फ्रान्सिस्को नाइनर्सविरुद्धचा सामनाही पूर्ण सांगा. त्यांच्या काइल विल्यम्सने दोन पंट (लाथेने दूर मारून दिलेले चेंडू) सांडले, एक गुडघ्याला घासून गेला आणि दुसरा ओव्हरटाइममध्ये हातातून निसटला. दोन्हींतून जायंट्सला गुण. २०-१७. त्याने तो चेंडू धरला असता तर आज हा धागा असता का?


ऑप्शनरूट

त्या सामन्यात ईलायने ५८ पास फेकले, ३१६ यार्ड, दोन टचडाऊन, एकही इंटरसेप्शन नाही, आणि सहा वेळा तो खाली पाडला गेला. नाइनर्सचा बचाव त्या वर्षी लीगमधल्या सर्वांत खडूस बचावांपैकी एक होता. पावसात ५८ पास आणि चेंडू एकदाही दुसऱ्यांच्या हातात नाही. दुसऱ्या बाजूने दोन चुका केल्या, याने एकही नाही. नशीब म्हणतात ते बहुधा असंच असतं.

आता ४६ व्या सुपर बोलमधला (२०११ च्या हंगामाचा, पेट्रियट्सविरुद्ध) रिसीव्हर मॅनिंगहॅमला टाकलेला पास. टायरीपेक्षा तो दहापट अवघड होता. ३ मिनिटं ४६ सेकंद बाकी, स्वतःची १२ यार्डांची रेघ, १५-१७ ने मागे. पेट्रियट्स कव्हर टूमध्ये, म्हणजे दोन सेफ्टींनी खोलवरचा अर्धा-अर्धा भाग वाटून घेतलेला आणि कॉर्नर आखूड जागेवर. या बचावात भोक एकच: कडेची रेघ, कॉर्नरच्या मागे, सेफ्टीच्या पुढे. चेंडू खाली ठेवला तर कॉर्नर उडी मारून घेतो. उंच फेकला तर सेफ्टी पोचतो. जास्त आत फेकला तर दोघंही. ईलायने आधी उजवीकडे पाहून सेफ्टीला धरून ठेवलं आणि मग डाव्या रेघेवर टाकला. पॅट्रिक चंग पोचला, पण अर्धं पाऊल उशिरा. मॅनिंगहॅमचे दोन्ही पाय रेघेच्या आत. ३८ यार्ड. पेट्रियट्सचा तेव्हाचा प्रशिक्षक बेलिचिकने निर्णयाला आव्हान दिलं, हरला, टाइमआउटही गेला.

टायरीच्या झेलात क्वार्टरबॅकचं श्रेय वेगळं आहे. थर्ड अँड फाइव्ह (तिसरा प्रयत्न, पाच यार्ड हवेत), पेट्रियट्सच्या जॅर्व्हिस ग्रीन आणि सीमोर यांनी जर्सी धरलेली, तरी निसटून पाय रोवले. पण निसटल्यावर फेकलेला चेंडू मैदानाच्या मधोमध, हवेत, ‘घ्या कुणीतरी’ छाप होता. त्याच्या आधीच्याच पासला असांटे सॅम्युएलच्या हातांना चेंडू लागून गेला होता. तो त्याने धरला असता तर पेट्रियट्सचा हंगाम अपराजित, १९-०, झाला असता.


मेडोलँड्स

+१. मॅनिंगहॅमच्या पासची चर्चा होत नाही कारण त्याचा फोटो चांगला येत नाही :)

त्याच ड्राइव्हचा (सलग चढाईचा) शेवटही बघण्यासारखा आहे. पेट्रियट्सने ब्रॅडशॉला (अहमद, टेरी नव्हे) मुद्दाम वाट मोकळी करून दिली, म्हणजे ब्रेडीला वेळ उरेल. ईलाय ओरडत होता, जाऊ नकोस. बिचारा रेघेवर थांबायला गेला आणि मागच्या मागे आत बसला. ५७ सेकंद उरले.


दहावीघमंडी

अवांतर: घड्याळाचं भान म्हणाल तर २०१५ ची डॅलसची सलामी आठवा. आघाडीवर असताना थर्ड डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला) चेंडू बाहेर फेकला, घड्याळ थांबलं, डॅलस काउबॉइजना वेळ मिळाला, २६-२७ ने हरले. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सला सहा टचडाऊन टाकून ४९-५२ ने हरले. तो माणूस म्हणजे एकाच हंगामात दोन्ही टोकं.


आकडेमोड

फिलिप रिव्हर्सचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून मी काढतो. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) चार्जर्सने ईलायला पहिल्या क्रमांकावर घेतलं, तो तिथे खेळायला तयार नव्हता, म्हणून जायंट्सने चौथ्या क्रमांकावर घेतलेला रिव्हर्स, त्याच वर्षीची तिसऱ्या फेरीची निवड, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या व पाचव्या फेरीच्या निवडी देऊन त्याला आणलं. २०२० पर्यंत रिव्हर्सचे ४२१ टचडाऊन, २०९ इंटरसेप्शन, १३४-१०६. हंगामामागून हंगाम तो सरस होता. प्लेऑफ ५-७, सुपर बोल शून्य.

समितीला एकाच मापाने मोजायचं तर दोघांतल्या एकाला आधी घ्यावं लागेल आणि दुसऱ्याला का नाही हे सांगावं लागेल. मला विचाराल तर रिव्हर्स चांगला क्वार्टरबॅक आणि ईलायची कारकीर्द मोठी. या दोन वाक्यांत विरोध नाही.


कँटनकर

दहावीघमंडी, ‘विषय संपला’ म्हणालात म्हणून सांगतो: आधुनिक काळातला उमेदवार म्हणून त्याच्याकडे पहिल्या पात्रतेपासून २० वर्षं आहेत. त्यानंतर ज्येष्ठांची यादी, जिथून शार्प आला. अडचण रांगेची आहे. ब्रीजसारखी क्वार्टरबॅकची नावं २०२६ पासून पात्र झाली, पुढे रॉथलिसबर्गर आहे: त्याच २००४ च्या ड्राफ्टचा, दोन सुपर बोल, १६५-८१-१. त्याच्याशेजारी ईलायचं नाव त्याच मतपत्रिकेवर आलं तर ११७-११७ आणखी खुपेल.

त्याची वेळ रॉथलिसबर्गर पात्र व्हायच्या आधी आहे. नाहीतर मग बरीच नंतर.


उलटतपासणी

रॉथलिसबर्गरचा मुद्दा पटला. माझं मत ‘नाही’ वरून ‘आत्ता नाही’ वर आलंय. यापेक्षा जास्त ताणू नका.


पॉकेटमार (धागाकर्ता)

तेवढं पुरे आहे :) मूळ पोस्टमध्ये ७८-५७ आणि ३९-६० ची फोड जोडतोय, मेडोलँड्स यांचे आभार. पुढची १५ जणांची यादी लागली की इथेच टाकेन, नवीन धागा काढू नका.